ढेकणांची लाज

घरात झुरळं झाली की माणूस फोनवर मोठ्यानं बोलतो, उंदीर झाले की वैतागून बोलतो आणि ढेकूण झाले की कुजबुजतो. हा शोध माझा नव्हे, माझ्या बायकोचा, अलकाचा. आमच्या पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात फवारणीचा पंप माझ्याकडे आणि टेलिफोन तिच्याकडे, अशी पहिल्यापासूनची वाटणी. हडपसरच्या आमच्या दोन खोल्यांत फोन वाजला की ती उचलायची, क्षणभर ऐकायची आणि रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघत नुसते ओठ हलवायची, "ढेकूण." पलीकडच्या बाईंनी तो शब्द अजून उच्चारलेलाही नसायचा. "आमच्याकडे नव्हतेच हो कधी... पाहुणे आले होते, त्यांच्या बॅगेतून बहुतेक..." इथपर्यंतच त्या आलेल्या असायच्या.

मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला. आडनाव मेश्राम. आयटीआय करून पुण्याला आलो तो एका कारखान्यात फिटर म्हणून. देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून येत होतं, त्याच सुमारास आमच्या कारखान्याचं दार बंद झालं. मग मिळेल ते काम करता करता एका पेस्ट कंट्रोल कंपनीत लागलो, शिकलो आणि पुढे स्वतःचा पंप घेतला. नातेवाइकांनी विचारलं, काय करतोस? मी म्हणायचो, औषधाच्या लाइनमध्ये आहे. ते खोटं नव्हतं.

वेळ मात्र चांगली साधली गेली. हडपसरच्या पुढे, मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोरकडे कालपर्यंत ऊस आणि फ्लॉवर होता तिथे इमारती उठत होत्या. लोक मला विचारायचे, "अहो, नवीन कोरं घर आहे, वाळवी आली कुठून?" मी सांगायचो, ती आली नाही, ती इथलीच आहे. जमिनीखाली तिचा संसार पूर्वीपासून चालू होता, तुम्ही तिच्या डोक्यावर फ्लॅट घेतलात. आयटीतली पोरं-पोरी राहायला आल्यावर गिऱ्हाईक बदललं. झुरळांसाठी जेल निघालं होतं. पूर्वी सगळं स्वयंपाकघर रिकामं करून फवारावं लागायचं, आता कोपऱ्याकोपऱ्यात मोहरीएवढे ठिपके लावले की काम झालं. एका तरुण जोडप्याच्या ओट्याखाली मी ते ठिपके लावत होतो, तर मुलगी काळजीनं म्हणाली, "काका, यात काही नॉनव्हेज नाही ना? आमचं किचन प्युअर व्हेज आहे." मी म्हणालो, "जेल व्हेज आहे. झुरळांचं मी सांगू शकत नाही."

आणि कोथरूडच्या एक आजी होत्या. झुरळं देवघराच्या मागच्या फटीत होती. मी वाकणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"मेश्राम."

"म्हणजे कुठले आपण?"

"वर्ध्याकडचे."

"ते गाव झालं."

त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. मी सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत, आजी." त्यांनी माझ्या पंपाकडे पाहिलं. मग पदर खोचून एकेक देव उचलून पाटावर ठेवू लागल्या. "मी यांना बाहेर काढते. तुम्ही आत नीट मारा. देवाला झुरळं चालतात असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही." काम झाल्यावर त्यांच्या कपासारख्याच कपात मला चहा मिळाला. साखर कमी होती, पण ती पुण्यात सगळ्यांनाच कमी मिळते.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर असे किस्से डोळ्यांसमोर गर्दी करतात. पण मला आज ज्या कामाबद्दल सांगायचंय ते एकच आहे, आणि ते ढेकणांचं आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. अलकाला एक फोन आला. बाई एसटीडी बूथमधून बोलत होत्या. बूथवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्या इतक्या हळू बोलत होत्या की सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकच्या हॉर्नशिवाय अलकाला काही कळेना. शेवटी तीच म्हणाली, "ताई, ढेकूण ना? नुसतं हो किंवा नाही म्हणा, पत्ता तेवढा मोठ्यानं सांगा."

त्या सुमनवहिनी. लोणी काळभोरच्या अलीकडच्या एका वस्तीवर त्यांचं घर. नवरा, तात्या, मालाचा टेम्पो चालवायचा. सासरे, आबा, आयुष्यभर शेती केलेले, ताठ कण्याचे, पांढऱ्या टोपीचे. आसपास कॉलेजं निघाली, बाहेरगावची पोरं खोल्या शोधत फिरू लागली, तेव्हा वहिनींनी हट्ट धरून स्लॅबवर चार खोल्या बांधून घेतल्या. वर सिमेंटचे पत्रे, भिंती साध्या विटांच्या. घरात त्यांचा शब्द चालू लागला तो त्या खोल्यांमुळे. आणि आता त्याच खोल्यांमधून पोरं बाहेर पडायला लागली होती. एक जण तर सोडून गेला आणि कॉलेजात सांगत सुटला की त्या ढेकणाच्या खोल्या आहेत, तिकडे जाऊ नका.

"भाऊ, पंप गोणीत घालून आणा," त्यांनी फोनवर बजावलं होतं. मी खताच्या रिकाम्या गोणीत पंप गुंडाळून स्कूटरवर गेलो. दारातच शेजारणीनं हटकलं, "पाहुणं कोण म्हनायचं?" वहिनी मागून घाईनं म्हणाल्या, "पाण्याची मोटार बघाय आल्यात." झालं. शेजारीण म्हणाली, मग आमची पण बघा, कालपासून नुसती गुरगुरती. मी फिटर होतो म्हणून निभावलं. आधी तिची मोटार चालू केली आणि मग वहिनींचा जिना चढलो.

ढेकणाबद्दल लोकांना वाटतं की तो घाणीतून येतो. तसं नाही. तो माणसामागे येतो. बॅगेतून, गादीतून, सेकंडहँड पलंगातून. राजवाड्यात नेऊन सोडला तर राजवाड्यात राहील, त्याला फक्त झोपलेला माणूस लागतो. दिवसा तो गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकात, भिंतीवरच्या बोर्डाच्या मागे बसतो. आमचं औषध मोठ्या ढेकणांना मारतं, अंडी बहुतेक वाचतात. त्यातून पिल्लं निघाली की पुन्हा फवारावं लागतं. मधल्या दिवसांत थोडेफार चावतात, तेव्हा धीर धरायचा. सगळ्यात अवघड असतो तो हा धीरच.

वरच्या पोरांना मी गाद्या उभ्या करायला लावल्या, पलंग खोलले, सांधान्‌सांधा फवारला. सूरज नावाचा एक हडकुळा मुलगा होता, दुसऱ्या वर्षाचा. तो पान्हा घेऊन माझ्याबरोबर पलंग खोलायला बसला. "काका, आमच्या गावी पलंगच नाही, म्हणून ढेकूणही नाही," म्हणाला. बोलण्यावरून ओळखू आलं. विचारलं तर हिंगणघाटचा. आमच्या जिल्ह्यातलाच. परमुलखात आपल्याकडची बोली ऐकली की बरं वाटतं. मी त्याला जरा जास्तच शिकवत बसलो.

आबा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून सगळं बघत होते. "ह्याला वास कसा न्हाई वो?" त्यांनी विचारलं.

"हे नवीन औषध आहे आबा. वास नसतो."

"वास न्हाई तर मरत्यात कशापायी?"

मी हसलो. वहिनी म्हणाल्या, "आबा, त्यांचं त्यांना करू द्या." आबांचा विश्वास बसला नव्हता हे दिसत होतं. पुढची फवारणी दिवाळीच्या सुट्टीत, पोरं गावी गेल्यावर करू, असं ठरवून मी निघालो. पंप पुन्हा गोणीत.

दिवाळी झाली. ठरल्याप्रमाणे सकाळचा चहा घेऊन मी वस्तीवर पोचलो. वहिनी अंगणात तुळशीपाशी सारवत होत्या. तात्या टेम्पोचं बॉनेट उघडून बसला होता. मी पंप काढला आणि जिन्याकडे वळलो, तर चौथ्या-पाचव्या पायरीवर वास आला. लसणाचा. थोडा कुजकटही.

मी वरूनच विचारलं, "वहिनी, लसूण सोलताय का?"

"भाऊ, आज एकादशी हाय. लसूण कोन सोलतंय?"

मी तिथेच थांबलो. आबा पडवीतून बाहेर आले. चेहऱ्यावर समाधान होतं, कुणाला चकित करायचं असलं की असतं तसं. "तुमचं काम हलकं केलंय म्या," ते म्हणाले. "रातच्याला कडंच्या खोलीत गोळ्या ठिवल्या. गव्हाच्या कनगीत ठिवतो त्याच. सोंडकिडं राहत न्हाईत, तिथं ढेकनाचं काय घिऊन बसलाव?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धान्यात ठेवायच्या त्या गोळ्यांमधून हवेतल्या ओलीनं विषारी वायू सुटतो. धान्य साठवताना त्या वापरतात, त्याचे नियम आहेत. पण माणूस राहतो त्या घरात त्या गोळ्या नेणं म्हणजे मरण घरात नेणं. दार लावून घेतलं तरी तो वायू फटीतून, भिंतीवरून पलीकडे जातो. आणि या चार खोल्यांच्या भिंती पत्र्याला टेकलेल्याच नव्हत्या. वर हातभर मोकळी जागा होती. एका खोलीतला दिवा चारही खोल्यांत दिसायचा.

"वर कोणी आहे का?" मी विचारलं.

"न्हाई, समदी पोरं गावाला गेल्यात," वहिनी म्हणाल्या. "मी सोता कुलपं बघितली काल."

मी नाकाला रुमाल लावून गच्चीच्या तोंडाशी गेलो. रुमालानं तो वायू अडत नाही हे मला माहीत होतं, पण हात आपोआप नाकाशी जातो. कडेच्या खोलीला कुलूप होतं. पार पलीकडच्या दोन खोल्यांनाही कुलूप होतं. फक्त कडेच्या खोलीला लागून असलेल्या खोलीला नव्हतं. दारात एक चपलांचा जोड होता. एक चप्पल सरळ, एक पालथी.

"तात्या!" मी ओरडलो. "पहार आणा, पहार! आणि बाकी कुणी वर येऊ नका!"

दारावर धक्के मारले. आतून कडी होती. आतून एक आवाज आला, ती हाक होती की कण्हणं ते कळेना. तात्या पहार घेऊन धावत आला. श्वास रोखून मी दोन घाव घातले, मागे सरून मोकळ्यावर श्वास घेतला, मग त्यानं घातले. असं आळीपाळीनं. कडी उखडली तशी मी आत शिरलो. सूरज जमिनीवर भिंतीशी कुशीवर पडला होता. उलटी झालेली. गादी त्यानं कडेला उभी करून ठेवली होती, मी शिकवली होती तशी. काखेत हात घालून ओढला. तात्यानं पाय धरले. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, वारा येत होता तिथे त्याला आडवा केला. अंग गार आणि घामानं भिजलेलं. पण डोळे उघडले त्यानं. "काका, पोटात..." एवढंच म्हणाला.

वहिनी खाली उभ्या राहून एकच विचारत होत्या, "कोन हाय? कोन हाय वर?" मी नाव सांगितलं. सूरजचा एक विषय राहिला होता. त्याच्या फेरपरीक्षेच्या अभ्यासासाठी तो सुट्टी सोडून आदल्या संध्याकाळी उशिराच्या गाडीनं परत आला होता. सगळे जेवायला बसलेले बघून त्रास नको म्हणून गुपचूप वर जाऊन झोपला होता.

टेम्पोत रिकामी क्रेट होती ती तात्यानं रस्त्यावर भिरकावली. गोणपाट अंथरून सूरजला ठेवला, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. निघताना मी आबांना विचारलं, "गोळ्यांची डबी कुठंय?" आबा जागचे हलले नव्हते. त्यांनी बंडीच्या खिशातून डबी काढून माझ्या हातात दिली.  "म्या मारलं का वो त्याला?" ते म्हणाले. तात्यानं टेम्पो सुरू केला.

हॉस्पिटलात मी डबी डॉक्टरांच्या पुढे ठेवली. तरुण डॉक्टर होते. वाचून त्यांचा चेहरा उतरला. "याला उतारा नाही," ते म्हणाले. "किती गेलंय आत त्याच्यावर आहे. वरती फट मोठी होती म्हणता ना? मोकळी हवाही येत असेल. तीच त्याच्या उपयोगी पडो." सलाइन, ऑक्सिजन, यंत्रं लावली. पोलीस आले, जबाब घेऊन गेले. दिवस मावळायच्या सुमारास अलका डबा घेऊन आली, तेव्हा वहिनी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसल्या होत्या. उपासाचं पाणीही त्यांनी घेतलं नव्हतं. अलका त्यांच्याशेजारी बसली.

"मी लाजले म्हनून झालं हे," वहिनी म्हणाल्या. "गोनीत पंप घालून आना म्हनले. शेजारनीला कळंल, जावंला कळंल. आबा रोज बघायचं माजं तोंड. सून झुरती म्हनून त्यांनी केलं."

अलकानं त्यांचा हात धरून ठेवला. आणखी काय करणार होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी सूरजचे वडील आले. जिनिंग मिलमध्ये कामाला असलेले, बारीक चणीचे गृहस्थ. हातात पिशवी, पिशवीत मुलासाठी शेव-चिवडा. निरोप मिळाला तेव्हा फक्त 'बिमार आहे' एवढंच सांगितलं होतं. तोपर्यंत सूरजच्या छातीचे ठोके ताळ्यावर आले होते. डॉक्टर पहिल्यांदाच जरा मोकळं बोलले होते. वडिलांना काचेतून मुलगा दाखवला. त्यांनी मला सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. आमच्या बोलीतच सांगितलं.

"तुमी तिकडचेच का, बाप्पा?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हो भाऊ. देवळीकडचा."

ते मान हलवत राहिले. तेवढ्यात आबा आले. टोपी हातात. बोडक्या डोक्याचे आबा मी त्याआधी पाहिले नव्हते, एकदम म्हातारे दिसत होते. ते सूरजच्या वडिलांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मीच तो. गोळ्या म्या ठिवल्या. तुमाला काय करायचं ते करा."

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. त्याला तो हक्क होता. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "आबा, माह्या घरी बी ह्याच गोळ्या हायेत. गव्हात ठेवतो न आमी. निजतो तेथच उशाशी डबी असते." मग तो हळूच म्हणाला, "मालेबी ठाऊक नोहतं."

आबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. दोघं बाकड्यावर शेजारी शेजारी बसले. पोलिसांना वडिलांनी सांगितलं, चुकून झालं, माझी तक्रार नाही.

सूरज वाचला. चेहऱ्यावर रंग यायला वेळ लागला. परीक्षा बुडाली, ती त्यानं पुढच्या वेळी दिली. हॉस्पिटलातून सुटल्यावर वहिनींनी त्याला खाली आपल्या घरात ठेवून घेतला. वडील म्हणाले, गावी नेतो. सूरज म्हणाला, नाही, इथंच राहतो. वडील जाताना तो शेव-चिवडा आबांच्या हातात देऊन गेले.

मधल्या काळात मी त्या गोळ्यांची राख नियमाप्रमाणे बाहेर काढून पुरली, खोल्या उघड्या ठेवून पुरतं वारं खेळू दिलं आणि मगच ढेकणांच्या कामाला हात लावला. या वेळी पंप उघडा होता. शेजारीण कुंपणाशी आली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ढेकनं झाल्यात आमच्यात. मोटार न्हवती ती." शेजारीण आत निघून गेली. वहिनींचा चेहरा पडला. तरी त्यांनी गाद्या उचलायचं थांबवलं नाही.

ही गोष्ट वस्तीत पसरायची ती पसरलीच, पण तुकड्या-तुकड्यांत. कुणी म्हणे पोरानं विष घेतलं, कुणी म्हणे औषधवाल्यानं मारलं. शेवटी तात्यानं मला विचारलं, "मारुतीच्या देवळात बायामानसं जमवतो. तुमी नीट सांगाल का?" मी भाषण कधी केलेलं नव्हतं. अलका म्हणाली, मी येते बरोबर.

रविवारी संध्याकाळी देवळाच्या मंडपात चांगली गर्दी झाली होती. तोपर्यंत तिथे दर दुसऱ्या-तिसऱ्या घरानं खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. मी आधी गोळ्यांबद्दल सांगितलं. ते सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. मग ढेकणांबद्दल सांगायला लागलो आणि मंडप गप्प झाला. ढेकूण कुठे बसतो, अंडी कुठे घालतो, काय शोधायचं. बायका खाली बघत होत्या, जणू मी त्यांच्या घरातलं काही चव्हाट्यावर मांडत होतो. मी विचारलं, "कुणाकडे आहेत का? असतील तर सांगा, मी बघून जातो." कुणी हललं नाही. पुरुषांपैकी एक जण खाकरून म्हणाला, "आमच्या वस्तीत तसलं काय न्हाई."  मी अलकाकडे बघितलं.

तेव्हा मागून आबा उठले. काठी टेकत पुढे आले. टोपी पुन्हा डोक्यावर होती.

"पोरगं माज्या हातनं मरत हुतं," ते म्हणाले. "आता सगळी मला म्हनत्यात, आबा, तुमी जाणूनबुजून केलं न्हाई. खरं हाय. पर माज्या सुनंनं ह्या साहेबांना गोनीत पंप घालून आनाय लावलं. का? तुमच्या भ्यानं. आन मी गोळ्या गुपचूप ठिवल्या. का? तुमच्याच भ्यानं. ढेकून चावतो, त्यो काय कुनाला मारीत न्हाई. माज्या घरात हायती ढेकनं. आता ज्याच्या घरात न्हाईत त्यानं हात वर करा."

कुणाचाच हात वर झाला नाही.  मग कोपऱ्यातून सुमनवहिनींच्या त्या शेजारणीचा आवाज आला, "आमच्यात बी हायत." तिच्या नवऱ्यानं तिच्याकडे वळून बघितलं. "बघता काय?" ती त्याला म्हणाली. "तुमच्याच खाटंत हायत." एक बाई फिस्‌कन हसली. हसता हसता म्हणाली, "आमच्या सोप्यात." मग एक म्हातारी, "आमच्या तर देवाच्या पाटाखाली." मंडपभर हशा झाला. जो माणूस 'आमच्या वस्तीत तसलं काय न्हाई' म्हणाला होता, त्याच्या बायकोनं उभं राहून मला विचारलं, "भाऊ, तुमी उद्याच येताल का? का नंबर लावायचा?"

अलका मला नंतर म्हणाली की आबांना भाषणाला पाठवलं असतं तर माझी गरजच नव्हती. मीही ते मान्य केलं.

त्यानंतर मी या धंद्यात पुष्कळ वर्षं होतो. खराडीच्या काचेच्या इमारतींत फवारलं, मोठ्या सोसायट्यांची कामं घेतली, कुजबुजत बोलणाऱ्या कितीतरी बायकांशी अलका बोलली. एक खंत राहिली आहे. घरात धान्याच्या गोळ्या ठेवल्यानं माणसं दगावल्याची बातमी अजूनही कधीमधी पेपरात येते. मी पेपर घडी करून ठेवतो आणि त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. नाहीतर या धंद्यानं मला चांगलं दिलं. इतक्या लोकांनी आपल्या घराच्या ज्या जागा पाहुण्यांपासून लपवल्या, त्या मला दाखवल्या.

देवळातल्या त्या सभेनंतरच्या रविवारी मी वस्तीवर कामाला गेलो तेव्हा रस्त्यावरूनच दिसलं. वस्तीतल्या एकूण एक गच्चीवर, पत्र्यावर, कुंपणावर, टेम्पोच्या टपावर गाद्याच गाद्या. लाल, निळ्या, फुलाफुलांच्या, डाग पडलेल्या, कापूस बाहेर आलेल्या, भर उन्हात उघड्या. बायका शिवणी उलटून बघत होत्या आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर ओरडून एकमेकींना सांगत होत्या, सापडला, सापडला. वहिनींच्या गच्चीवर सूरज स्वेटर घालून खुर्चीत बसला होता आणि आबा त्याच्या देखरेखीखाली पलंगाचे स्क्रू काढत होते.

मी स्कूटर लावून पंप खांद्यावर घेतला. हायवेवरून चाललेला एक मोटारसायकलवाला माझ्याजवळ थांबला.

"काय हो, गावात लग्न आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "ढेकूण आहेत."